सांधेदुखीवर नवीन रिसर्च आला म्हणतात, तो वाचायचा कसा

घरात कोणाचे गुडघे गेलेत किंवा कोणाची बोटं सकाळी सुजलेली असतात असं असलं की दर थोड्या दिवसांनी कोणीतरी बातमी पाठवतंच, "संधिवातावर क्रांतिकारी शोध", "कूर्चा परत वाढणार", "आता ऑपरेशनची गरज नाही". आणि ज्याला दुखतंय तो ती बातमी पुन्हा पुन्हा वाचतो कारण त्याला आशा हवी असते, यात काहीच चूक नाही. माझ्या आईला आमवात आहे त्यामुळे हे मी जवळून बघते. पण ती बातमी ज्या स्टडीवर उभी आहे तो स्टडी स्वतः उघडून बघता आला तर फार फरक पडतो, आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, संशोधक नेमकं काय करतात आणि काय मोजतात एवढं माहीत असलं की पुरतं. तेवढंच इथे सांगते.

सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा, हा कोणता संधिवात आहे. बातमीत नुसतं "आर्थ्रायटिस" लिहिलेलं असतं आणि खरे प्रकार शंभराहून जास्त आहेत. गुडघ्याचा जो नेहमीचा दिसतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, त्यात कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते पण नुसती झीज नाही, खालचं हाड, आतलं अस्तर, आजूबाजूचे स्नायू सगळंच बदलत जातं. आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, तो वेगळाच, तिथे शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते, दर २०० माणसांत साधारण १ ते २ जणांना होतो आणि बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात, डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर या दोघांनी १९६१ मध्ये सांध्यातलं पाणी काढून खास मायक्रोस्कोपखाली ते स्फटिक दाखवले आणि तेव्हापासून गाऊटचं निदान पक्कं करायची तीच खात्रीची पद्धत आहे. मग पाठीच्या कण्याचा स्पॉन्डिलायटिस, सोरायसिसवाला, लहान मुलांचा, चिकनगुनियानंतर राहणारा, यादी मोठी आहे.

हे एवढं का सांगतेय तर एका प्रकारावरचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आमवातात वर्षानुवर्षं वापरतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी हाताच्या बोटांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसलाही देत होते. मग ब्रिटनमध्ये २४८ लोकांवर नीट ट्रायल केली, २०१८ मध्ये निकाल आला, आणि साध्या खोट्या गोळीपेक्षा (दिसायला तशीच पण आत औषध नसलेली) काहीच जास्त फायदा नाही असं निघालं. तेव्हा तुमच्या माणसाचा प्रकार एक आणि स्टडी दुसऱ्यावर असेल तर तिथेच थांबा, पुढे वाचायचं असेल तर कुतूहल म्हणून वाचा.

दुसरी गोष्ट, हे काम झालंय कशावर. डिशमधल्या पेशी, उंदीर की माणसं. बातमीत हे बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात लपलेलं असतं. उंदराचा ऑस्टिओआर्थ्रायटिस कसा तयार करतात माहितीये का, निरोगी तरुण उंदराच्या गुडघ्यातल्या मेनिस्कसला, म्हणजे दोन हाडांमधल्या गादीला, धरून ठेवणारा बंध कापतात, गुडघा अस्थिर होतो आणि काही आठवड्यांत कूर्चा खराब होते. माणसाचा गुडघा वीस-तीस वर्षं घेतो त्याला, सोबत वय असतं, वजन असतं, जुनी दुखापत असते. म्हणून उंदरात कूर्चा वाचवणारी औषधं ढीगभर निघाली आणि माणसात ऑस्टिओआर्थ्रायटिसची झीज थांबवते असं पक्कं सिद्ध होऊन मंजूर झालेलं औषध अजून एकही नाही. पुढच्या वेळी "कूर्चा परत वाढणार" वाचलं की हे वाक्य आठवा.

पण उंदीर-डिशवाल्या कामाला कमी लेखू नका हं, आजची सगळ्यात मोठी औषधं तिथूनच आली. १९८९ मध्ये लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या टीमने आमवाताच्या पेशंटच्या सांध्यातल्या पेशी डिशमध्ये वाढवल्या आणि बघितलं की टीएनएफ नावाचा एकच रेणू अडवला तर सूज वाढवणारे बाकीचे सिग्नलही खाली येतात. मग उंदरांत तपासलं. मग १९९२ मध्ये अगदी थोड्या पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध दिलं, ज्यांना बाकी कशानेच बरं वाटत नव्हतं अशांना. १९९४ मध्ये खोट्या औषधाशी तुलना करणारी नीट ट्रायल छापून आली आणि १९९८-९९ च्या सुमाराला ही औषधं पेशंटपर्यंत पोचायला लागली. म्हणजे डिशपासून पेशंटपर्यंत दहा वर्षं, आणि हे यशस्वी झालेल्या औषधाचं वेळापत्रक आहे! त्यामुळे उंदरावरची बातमी आली तर आनंद जरूर माना पण आईच्या औषधात त्यावरून काहीही बदलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोक हाच सोडून देतात. मोजलं काय? "६० टक्के रुग्णांना फायदा" याचा अर्थ काय हे स्टडीत लिहिलेलं असतं आणि तो अर्थ आपल्याला वाटतो तसा नसतो.

आमवाताच्या ट्रायलमध्ये एसीआर-२० नावाचं माप दिसेल. त्यात पास व्हायचं म्हणजे दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या दोन्ही किमान २० टक्क्यांनी कमी व्हायला हव्यात, आणि शिवाय पाच गोष्टींपैकी तीन (वेदना, रोजची कामं जमणं, पेशंटचं स्वतःचं मत, डॉक्टरचं मत, रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या) तेवढ्याच सुधारायला हव्यात. म्हणजे दहा सांधे सुजलेले होते ते आठवर आले तरी तो माणूस "फायदा झाला" मध्ये धरला जाऊ शकतो. खोटं नाहीये ते, औषध काम करतंय का हे ओळखायला संशोधकांना असं माप लागतंच, पण ज्याची आठ बोटं अजून सुजलेली आहेत त्याला ते पुरेसं वाटणार नाही ना. म्हणून त्याच टेबलमध्ये खाली एसीआर-५० आणि एसीआर-७० शोधा, ५० टक्के आणि ७० टक्के सुधारणा, खरी गंमत तिथे कळते, आकडे भराभर खाली येतात.

दुसरं माप डास-२८. यात २८ सांधे दाबून बघतात, खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे वीस सांधे आणि गुडघे, त्यात ईएसआर किंवा सीआरपी आणि पेशंटने स्वतः दिलेले मार्क मिळवून एक आकडा काढतात. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२ च्या खाली म्हणजे बराच आटोक्यात, २.६ च्या खाली म्हणजे रेमिशन, आजार जवळजवळ शांत. लक्ष देऊन बघा, त्या २८ मध्ये पावलं नाहीत! घोटा नाही, पायाची बोटं नाहीत. ज्या बाईचा आजार मुख्यतः पावलांत आहे तिचा आकडा छान येईल आणि तिला चपलेत पाय घालता येणार नाही. आईच्या बाबतीत मी हे बघितलंय, रिपोर्टवर सगळं चांगलं आणि जिना उतरताना डोळ्यात पाणी. त्यामुळे तुमच्याकडेही पाय दुखत असतील तर डॉक्टरांना वेगळं सांगा, पाय दाखवा, आकड्यावर सोडू नका.

आणि थकवा. आमवाताचे पेशंट कधीपासून सांगत होते की सूज जाते पण थकवा जात नाही, आणि मोठ्या ट्रायलमध्ये तो मोजलाच जात नव्हता कारण ठरवलेल्या यादीत तो नव्हता. ओमरॅक्ट नावाचा संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट आहे, संधिवाताच्या ट्रायलमध्ये काय मोजायचं ते ठरवतात, त्यांनी २००२ मध्ये पेशंटना बैठकीत बसवलं आणि मग थकव्याकडे गांभीर्याने बघायला सुरुवात झाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपण "हे तर होणारच" म्हणून गप्प बसतो आणि जे सांगितलंच जात नाही ते मोजलं पण जात नाही.

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसला वोमॅक म्हणून चोवीस प्रश्नांची प्रश्नावली असते, वेदनेचे पाच, आखडण्याचे दोन आणि हालचालीचे सतरा, जिना चढणं, खुर्चीतून उठणं, मोजे घालणं असे. म्हणजे माप पेशंटच्या सांगण्यावर आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण एक्सरे आणि दुखणं यांचं जुळतंच असं नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात साध्या लोकांचे, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्यांचे नव्हे, गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, तो स्टडी २००८ मध्ये छापला गेला. ज्यांच्या मेनिस्कसला फाट दिसली त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघा दुखलाही नव्हता आणि आखडलाही नव्हता. तेव्हा कोणी "एमआरआयमध्ये सुधारणा दिसली" एवढंच सांगत असेल तर विचारा की माणसाला बरं वाटलं का. आणि उलटही, टॅनेझुमॅब नावाचं औषध वेदना चांगली कमी करत होतं पण काही लोकांचा सांधाच वेगाने खराब व्हायला लागला, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने विरोधात मत दिलं आणि कंपनीने काम बंद केलं. दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

पुढे बघायचं की तुलना कशाशी केली. हे वाचल्याशिवाय कोणत्याही टक्केवारीला अर्थ नाही, माझं तर ठाम मत आहे. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या गुडघ्यासाठी किती लोक घेतात! २००६ मध्ये त्यावर १५८३ लोकांची मोठी अमेरिकन ट्रायल आली. ग्लुकोसामाइनवाल्यांपैकी ६४ टक्के लोकांना गुडघेदुखीत चांगला फरक पडला. एवढंच वाचलं तर लगेच गोळ्या घ्याव्याशा वाटतील. पण ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही ६०.१ टक्के लोकांना फरक पडला होता. म्हणजे गोळीची स्वतःची कमाई ती चार टक्के, आणि तीही योगायोगापेक्षा वेगळी म्हणता येण्याइतकी नव्हती.

ऑपरेशनच्या बाबतीत तर अजून मोठा धक्का. ह्यूस्टनचे सर्जन ब्रूस मोझली यांच्या टीमने १८० लोकांवर ट्रायल केली, काहींची दुर्बिणीतून गुडघा साफ करायची शस्त्रक्रिया खरी केली आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षं बघितलं. तिन्ही ग्रुप सारखेच (खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार होते म्हणून तीन). २००२ मध्ये हे छापून आल्यावर केवढी खळबळ उडाली असेल विचार करा.

खोट्या गोळीने एवढं बरं का वाटतं? लोक म्हणतात मनाचे खेळ, पण ते अर्धंच. सांधेदुखी वरखाली होत राहते, आणि माणूस ट्रायलमध्ये नाव कधी देतो तर जेव्हा दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. तिथून ते थोडं खाली येणारच होतं, गोळी घेतली असती तरी आणि नसती तरी. शिवाय ट्रायलमध्ये कोणीतरी दर महिन्याला नीट विचारपूस करतं, त्याचाही फरक पडतो. म्हणूनच "मी हे तेल लावलं आणि आठवड्यात उतार पडला" या अनुभवावरून तेलाबद्दल काही ठरवता येत नाही, तो अनुभव खरा असला तरी.

आता एक हिशोब सोबत करून बघू. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची ट्रायल आली, लठ्ठपणा आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस दोन्ही असलेले ४०७ लोक, ६८ आठवडे. १०० च्या मापावर वेदना ४१.७ पॉइंटने कमी झाली. खोट्या इंजेक्शनवाल्यांची २७.५ ने. वजा करा, साधारण १४ पॉइंट ही औषधाची कमाई. संशोधक बऱ्याचदा १०० मध्ये दहाएक पॉइंटच्या खालचा फरक माणसाला फारसा जाणवत नाही असं धरतात, तेव्हा १४ म्हणजे खरोखर जाणवेल असा फरक. पण लगेच बघा कोणावर, फक्त लठ्ठ लोकांवर, सडपातळ माणसाच्या गुडघ्याबद्दल हा स्टडी काहीही सांगत नाही. आणि वजनाचा गुडघ्याशी संबंध याआधीच दिसला होता, स्टीफन मेसियर यांच्या टीमने २००५ मध्ये मोजून दाखवलं होतं की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो.

किती दिवस आणि किती माणसं, हे पण बघायचं, विशेषतः साइड इफेक्टसाठी. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईंना कॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड दिलं, एडवर्ड केंडल यांनी ते वेगळं काढलं होतं. काही दिवसांत त्या चालायला लागल्या. १९५० मध्ये नोबेल पण मिळालं, इतकं झटपट! आणि मग लांब वापराचे परिणाम दिसायला लागले, चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं. स्टिरॉइड आजही कामाचं औषध आहे पण कमीत कमी दिवस आणि कमीत कमी डोस हे तेव्हा शिकलेलं आहे. गुडघ्यातल्या इंजेक्शनचंही तसंच, २०१७ च्या एका ट्रायलमध्ये दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टिरॉइड इंजेक्शन दिलं तर वेदना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा कमी झाली नाही आणि कूर्चा मात्र जास्त गेली.

रोफेकॉक्सिबची गोष्ट तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. १९९९ मध्ये आलेली पेनकिलर, पोटाला कमी त्रास म्हणून लाखो लोकांनी घेतली. २००० सालच्या आठ हजार पेशंटच्या ट्रायलमध्येच हार्ट अटॅक जुन्या पेनकिलरवाल्यांपेक्षा जास्त दिसले होते, हजारात १ ऐवजी ४. बघा, हेच "चौपट धोका" असंही लिहिता येतं आणि "हजारात तीन जास्त" असंही, दोन्ही खरं, म्हणून नेहमी मूळ आकडा शोधा. शेवटी सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध मागे घेतलं. ३०० लोकांच्या ट्रायलमध्ये असं काही सापडलं नसतं. एक सोपा नियम आहे, ३०० लोकांत एखादा साइड इफेक्ट एकालाही झाला नाही तरी तो १०० मध्ये १ इतका असू शकतो, ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं. १२ आठवड्यांची १५० माणसांची ट्रायल "पूर्णपणे सुरक्षित" म्हणत असेल तर हा भागाकार करा.

हे सगळं शोधायचं कुठे? पबमेड या वैद्यकीय स्टडींच्या वेबसाइटवर स्टडीचं नाव टाकलं की सारांश फुकट दिसतो. माझी पद्धत अशी की शेवटची "निष्कर्ष" ओळ सगळ्यात शेवटी वाचायची, आधी मधला भाग, किती लोक, कशाशी तुलना, मुख्य माप काय. मग क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या ट्रायल नोंदवायच्या वेबसाइटवर त्या ट्रायलची नोंद उघडायची, तिथे सुरू करताना मुख्य माप काय ठरवलं होतं ते लिहिलेलं असतं. आधी ठरवलं होतं "वेदना" आणि पेपरमध्ये ठळकपणे दुसरंच काही सांगितलंय, तर समजा वेदनेत काही मिळालं नाही. पैसे कोणी दिले तेही शेवटी लिहिलेलं असतं, कंपनीने दिले म्हणून स्टडी खोटा होत नाही पण तुलना कशाशी निवडली ते मग जास्त बारकाईने बघायचं. एकाच विषयावर बरेच स्टडी असतील तर ते सगळे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे बघा, त्यात साध्या भाषेतला सारांश असतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, नवीन औषधाच्या मागे धावताना जुन्या औषधांचा चांगला वापर राहून जातो. २००४ मध्ये ग्लासगोतल्या ट्रायलमध्ये आमवाताच्या ११० पेशंटना साधारण तीच उपलब्ध औषधं दिली, फरक एवढाच की अर्ध्यांना दर महिन्याला बोलावून सांधे मोजले आणि आकडा खाली येईपर्यंत औषध वाढवत गेले, बाकीच्यांना नेहमीसारखं तीन महिन्यांनी. दीड वर्षाने पहिल्या ग्रुपमधले ६५ टक्के रेमिशनमध्ये आणि दुसऱ्यातले १६ टक्के. यात नवीन रेणू कुठलाच नाही! त्यामुळे पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात की बातमीचं कात्रण दाखवण्याआधी विचारा, आमचा डास किती आहे, आपलं टार्गेट काय, ते गाठलं नाही तर पुढची पायरी कधी. आणि कुठल्याही बातमीवरून मेथोट्रेक्सेट स्वतः बंद करू नका किंवा डोस बदलू नका, ते आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कोणी तुम्हालाच ट्रायलमध्ये यायला विचारलं तर घाबरून नाही म्हणायची गरज नाही, वर सांगितलेलं सगळं अशाच लोकांमुळे कळलंय. पण विचारून घ्या, खोटं औषध मिळायची शक्यता किती, मधेच दुखणं वाढलं तर काय देणार, चालू औषधं थांबवावी लागतील का, त्रास झाला तर खर्च कोण करणार, आणि ट्रायल संपल्यावर औषध लागू पडलेलं असेल तर पुढे मिळणार का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. संमतीचा फॉर्म तिथल्या तिथे सही करून देऊ नका, घरी न्या, घरातल्या कोणाला वाचायला द्या, आणि कधीही कारण न सांगता बाहेर पडता येतं हे वाक्य त्यात आहे का ते बघून मगच सही करा.